उभं करून तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नववीत असताना शाळेच्या परिपाठात उभ्याउभ्या कोसळली. मी त्याच शाळेत शिकवते. धावत पोचले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक, कपाळ घामाने गार, हातांना झटके. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल आणली. ‘फिट आली’ असं तिथेच कुणीतरी म्हणालं आणि ते दोन शब्द तिला चार वर्षं चिकटले.

आम्ही दवाखाने कमी केले नाहीत. प्रत्येक ठिकाणी तिला खाटेवर झोपवून तपासलं. झोपल्यावर तिचा रक्तदाब अगदी व्यवस्थित असे. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, ती वर्गात पेंगू लागली, नातेवाईक तिच्या लग्नाची काळजी करू लागले. चक्कर मात्र थांबली नाही.

शेवटी पुण्यात एका डॉक्टरांनी टिल्ट टेबल टेस्ट सांगितली. तिला पट्ट्यांनी टेबलाला बांधलं, बोटाला आणि छातीला तारा लावल्या, काही वेळ आडवं ठेवलं आणि मग टेबल 70 अंशांत उभं केलं. मी काचेबाहेर होते. वीस मिनिटं काहीच नाही. मग तिने जांभई दिली, “कान बंद झाले” म्हणाली आणि मान टाकली. पडद्यावर रक्तदाब घसरला, नाडी चाळिशीखाली गेली, हाताला तेच झटके आले. टेबल आडवं करताच अर्ध्या मिनिटात चेहऱ्यावर रंग परतला. चार वर्षांचं उत्तर त्या खोलीत मिळालं.

माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. शरीर रक्तवाहिन्या आवळून, नाडी वाढवून ते सांभाळतं. काहींचं शरीर अचानक उलटं वागतं. वाहिन्या सैलावतात, हृदय मंदावतं, मेंदूला रक्त अपुरं पडतं. अशा वेळी झटकेही येतात, म्हणून ती फिट वाटते. ही तपासणी नवी नाही. न उलगडणाऱ्या बेशुद्धीसाठी ती वापरता येते हे लंडनच्या डॉक्टरांनी 1986 मध्येच मांडलं.

प्रत्येक चक्करेला टेबल लागत नाही, हे मला ठाऊक आहे. नीट विचारपूस, ईसीजी आणि आडव्या-उभ्या स्थितीतला रक्तदाब एवढ्यावर बऱ्याच जणांचं निदान होतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो दोष आहे. अंगणात पडून खुब्याचं हाड मोडणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांचं मूळ तिथे असू शकतं. रक्तदाब न उतरता मोठ्या माणसाची नाडी दहा मिनिटांत 30 ने चढली, तर तो वेगळा आजार. याला रक्तदाबाचं यंत्र आणि घड्याळ पुरतं. म्हणून पहिली मागणी ही : प्राथमिक आरोग्य केंद्रात चक्कर येऊन पडलेल्या प्रत्येकाला आधी आडवं, मग उभं करून तपासायचं, असा लेखी आदेश काढा. शाळांत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही तो लागू करा.

दुसरी मागणी, जिल्हा रुग्णालयात टिल्ट टेस्टची सोय करा. पक्षाघाताच्या रुग्णांना उभं करायला फिजिओथेरपी विभागात असं टेबल वापरतात, म्हणजे ते काही दुर्मीळ यंत्र नव्हे. खरी गरज आहे ती प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब दाखवणाऱ्या मॉनिटरची, प्रशिक्षित तंत्रज्ञाची आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या डॉक्टरची. ती पदं मंजूर करा आणि भरा.

माझ्या मुलीच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. आता ती भरपूर पाणी पिते, कान बंद झाले की पाय एकमेकांवर घेऊन आवळते किंवा सरळ जमिनीवर झोपते. गेल्या सोमवारी माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी परिपाठात पडली. तिलाही फिटच म्हणाले. तिचे वडील ऊसतोडणीला जातात, पुण्याची तपासणी त्यांना परवडणार नाही. तिला मी कुठे पाठवू, ते कृपया कळवा.

आपली,
एक शिक्षिका आणि आई