टेलिफोन एक्स्चेंजवाल्या काकांना, आमच्या लॅबकडून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतंच 'काका'. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. विद्यापीठाच्या लॅबसाठी सर्व्हर मागवताना मी जी चूक करणार होते, ती आज आणखी कुणाच्या तरी कोटेशनमध्ये असेल.

आमच्याकडे तीस थिन क्लायंट आणि एक सर्व्हर. मुलांपुढे स्क्रीन, कीबोर्ड आणि एक छोटा डबा. डबा नेटवर्कवरून बूट होतो, पुढचं सगळं काम सर्व्हरवर चालतं. जुन्या सर्व्हरला मेमरी ८ जीबी. प्रॅक्टिकल सुरू झालं की दहाव्या-अकराव्या मुलानंतर सगळ्यांचे माउस एकदम थिजायचे. प्रोसेसर कमी पडतोय असं मी धरून चालले. आठवड्याचा सरासरी वापर काढला, त्याच्या दुप्पट मागितलं: भरपूर कोअर आणि १६ जीबी.

तुम्ही कागद वाचलात आणि विचारलंत, "यात गर्दीचा तास कुठे आहे?"

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाचा हा प्रश्न. एक्स्चेंज सरासरीवर बांधत नाहीत, दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या तासावर बांधतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी कॉल्सच्या गर्दीचं गणित मांडायला १९०९ साली सुरुवात केली, हे मला तुमच्याकडून कळलं. आणि लगेच तुम्हीच बजावलंत, "ते गणित इथे तसंच्या तसं लावू नकोस. फोन करणारी माणसं एकमेकांना विचारून रिसीव्हर उचलत नाहीत. तुझी पोरं एकदम उचलतात." खरंच आहे. मी "एक्लिप्स उघडा" (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) म्हटलं की तीस क्लिक एका दमात पडतात. आमच्याकडे गर्दीचा तास नाहीच, गर्दीचं मिनिट आहे. एवढं एक वाक्य सांगून तुम्ही घरी गेला असतात तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

पण तुम्ही दोन दिवस लॅबमध्ये वही घेऊन बसलात. व्हीएमस्टॅट (मेमरी आणि प्रोसेसरचा वापर दाखवणारी आज्ञा) लावून स्वॅपचे, म्हणजे मेमरी भरल्यावर डिस्कवर होणाऱ्या ये-जाचे, रकाने दाखवलेत: प्रोसेसर रिकामा बसलेला, मेमरी संपलेली आणि बिचारी हार्ड डिस्क सगळ्यांची पानं आत-बाहेर करण्यात दमलेली. एका मुलाचा वापर मोजून तीसने गुणायला तुम्ही मनाई केलीत. ब्राउझरचा कोड मेमरीत एकदाच येतो आणि सगळे तोच वापरतात. पहिल्या मुलाचा आकडा म्हणून फुगलेला दिसतो. पाच जणांना बसवायचं, मग सहावा आल्यावर किती वाढलं ते बघायचं. एक्लिप्सला ही सवलत फारशी नाही, ते जावावर चालतं आणि जावाचा हीप, म्हणजे कामाच्या डेटाची मेमरी, प्रत्येकाचा वेगळा. आमचा सहावा आला तो साधारण ८५० एमबी घेऊन. तीस जणांचे झाले साडेपंचवीस जीबी, सर्व्हरचे स्वतःचे तीन. म्हणून ३२ जीबी, आणि पुढच्यासाठी दोन स्लॉट रिकामे. कोअर निम्मे केले, वाचलेल्या पैशांत मेमरी आणि एसएसडी आली.

व्हिडिओचा माझा हट्टही तुम्ही वहीतच मिटवलात. १०२४ बाय ७६८ चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला २५ चित्रं. न आवळता पाठवलं तर एकाच मुलाला सुमारे ४७२ मेगाबिट लागतात, आणि डब्याचं पोर्ट १०० चं. व्हिडिओ आता प्रोजेक्टरवर दाखवते. सर्व्हरपासून स्विचपर्यंतची वायर गिगाबिटची असलीच पाहिजे, हेही तुम्ही लिहून घ्यायला लावलंत. प्रत्येक खात्याला प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) संख्येची मर्यादा घातली तीही तुमच्याच सांगण्यावरून. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलाचा फोर्क, म्हणजे नवी प्रोसेस काढणारा आदेश, चुकून लूपमध्ये गेला. त्याचं सत्र अडकलं, बाकीचे एकोणतीस जण काम करत राहिले.

परवा पूर्ण बॅच बसली होती. "एक्लिप्स उघडा" म्हटलं आणि घड्याळ लावलं. शेवटची खिडकी उघडायला ४० सेकंद लागले, स्वॅपचे रकाने शेवटपर्यंत शून्य. तो आकडा मी तुमच्याच वहीत लिहिला आहे, कारण वही तुम्ही इथेच विसरलात. गुरुवारी साडेदहाला प्रॅक्टिकल असतं. न्यायला या, आणि शक्य झालं तर तासभर बसा. मुलांना तुमच्याकडूनच एक्स्चेंजबद्दल ऐकायचं आहे.

आपली,
लॅबवाली