मिस्त्रीमामा, आई स्वतः आली

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

परवा चुलतबहिणीच्या लग्नाला आई समुदाय भवनात आली. स्वतःच्या हातांनी व्हीलचेअरची चाकं फिरवत, अंगावर अक्षता पडायच्या आत. तुम्हाला हे कळवायलाच हवं म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहितेय.

मणक्याची दुखापत झाल्यापासून आईनं लग्नकार्याला जाणं सोडलं होतं. पायऱ्या पाचच होत्या. पण चौघांनी खुर्चीसकट उचलायचं, पदर सरकायचा, सगळा मांडव बघत राहायचा. "मी काय गणपती आहे का मिरवत न्यायला?" असं एकदा म्हणाली आणि पुन्हा बाहेर पडलीच नाही. नंतर रॅम्प झाला खरा, पण इतका उभा की त्यावरून फक्त मोटारसायकली चढायच्या.

तुम्ही आलात ते टेप घेऊन. जोतं अडीच फूट, म्हणजे उतार तीस फूट लांब हवा, एक फूट उंचीला बारा फूट, त्यात तडजोड नाही, असं कमिटीला ठणकावून सांगितलंत. गाड्या लावायची जागा जाते म्हणून कुरकुर झाली. तेव्हा तुम्ही पंधरा-पंधरा फुटांचे दोन टप्पे केलेत, मध्ये खुर्ची वळेल असा पाच फुटांचा चौक ठेवलात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारतींत ही सोय बंधनकारक आहे, हे मला नंतर वाचून कळलं. तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं.

मला सगळ्यात आठवतो तो खराटा. सिमेंट ओलं असताना तुम्ही गुडघ्यावर बसून आडव्या रेघा ओढत होतात. आपल्याकडचा पाऊस, गुळगुळीत फरशीवर धडधाकट माणूसही घसरतो. यंदा आषाढातही चाक सरकलं नाही. रेलिंगही दोन उंचीचं, वरचं तीन फुटांवर, खालचं अडीच. खालचं मुलं धरतात, आई धरते. नवरदेवाकडची एक कन्नड आज्जी त्याच रेलिंगला धरून आली आणि आईशेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धीच येते, तरी जेवणाची पंगत उठेपर्यंत गप्पा चालल्या.

संडासाचं दार बाहेर उघडणारं केलंत, आत कोणी पडलं तर दार अडू नये म्हणून. आधी आईला विचारलंत, "ताई, हात कुठवर पोचतो?" आणि तिथंच पेन्सिलीनं खूण करून आधाराचा दांडा बसवलात. तिच्या दुखण्यानंतर तिला असं विचारणारे तुम्ही पहिलेच.

एक काम राहिलंय, मामा. भवनातल्या स्वयंपाकघराचा उंबरा. आई म्हणते, तेवढा काढून द्या, मला आत पोळ्या लाटायला जायचंय.

तुमची,
भवनासमोरच्या घरातली लेक