टिनांखालचा गारठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातील जनावरांचा विषय निघाला की उन्हाचीच चर्चा होते. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि आमच्या भंडारा-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीतील कित्येक रात्री दहा अंशांखाली जातात, याचा विचार कोठ्यावर, म्हणजे जनावरांच्या गोठ्यावर, छप्पर घालताना क्वचितच होतो.

आमचा कोठा वडिलांच्या वेळचा, मातीच्या भिंतींचा व कवेलूंचा (कौलांचा). माकडे कवेलू फोडत आणि ते फेरायला माणूस मिळत नसे, म्हणून भिंती तशाच ठेवून वर टिना टाकल्या. पहिल्याच हिवाळ्यात पस्तावलो. पहाटे बॅटरी मारून पाहावे तर टिनांना आतून पाणी सुटलेले आणि त्याचे थेंब वासराच्या पाठीवर टपटप पडत असलेले. नवजात वासराला साधारण १५ अंशांखाली ऊब टिकवण्यातच दुधातली ताकद खर्चावी लागते. अंग ओले असेल तर विचारूच नका. २०० वॅटचे दोन बल्ब लावले. दहा तासांना चार युनिट वीज जाई आणि तापलेली हवा वर जाऊन टिनांवर गार होई, नाहीतर भिंत व छपराच्या फटीतून निघून जाई. मग सगळ्या फटी प्लॅस्टिकने बुजवल्या, तर मुताचा अमोनिया कोंडून डोळ्यांना झोंबू लागला आणि वासरू खोकू लागले. शेगडी ठेवण्याचे धाडस केले नाही, कारण बंद जागेत कोळशाचा वायू जीव घेतो.

शेवटी बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घेतले, शेणमातीने लिंपले आणि टिनांच्या खाली वीतभर पोकळी ठेवून बांधले. त्यांवर तणस (भाताचा पेंढा) पसरण्याचा सल्ला अनेकांनी दिला. विजेची तार जवळ असल्याने तो मी मानला नाही. उत्तरेकडची बाजू जनावरांच्या उंचीपर्यंत बारदान्याने झाकली, दक्षिणेला उंचावर हातभर जागा मोकळी सोडली आणि तणस खाली अंथरले, जे ओले झाले की रोज बदलतो. आता वासराच्या कोपऱ्यात एकच बल्ब पुरतो, पाठीवर थेंब पडत नाहीत, आणि मे महिन्यात टिनांची झळही कमी लागते.

रोजगार हमी योजनेतून नव्या गोठ्याला साहाय्य मिळते, ते योग्यच आहे. परंतु जुन्या कोठ्याच्या छपराखाली अस्तर करण्यासाठी मदत मिळेल का, असे मी एका कार्यालयात विचारले तेव्हा ‘जुना पाडून नवीन बांधा’ एवढेच उत्तर मिळाले. ज्याच्याकडे दोन गाई आणि चार शेळ्या आहेत, त्याने मातीच्या धडधाकट भिंती कशासाठी पाडायच्या? तट्टे, बांबू आणि बुरडाची मजुरी एवढ्यापुरते लहान अनुदान द्यावे, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांनी दिवाळीपूर्वी गावातील एखाद्या जुन्या कोठ्यात हे काम प्रत्यक्ष करून दाखवावे, अशी पशुसंवर्धन विभागाला आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक पशुपालक
साकोली तालुका, जि. भंडारा