हात मांडीखाली दाबून बसलेल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

त्या संध्याकाळी मी वागळे इस्टेटमधल्या तुमच्या दुकानातून कळव्याला घरी पोचले आणि दारातूनच ओरडले, "आई, फिरली!" आईने आधी गॅस बंद केला, मग विचारलं, "काय फिरलं?" माझ्या प्रोजेक्टची मोटर तीन आठवडे फिरत नव्हती, घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता, तरी तिला पटकन कळलं नाही. मलाही नीट सांगता येईना, रडू येत होतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे फिरले ते तुम्ही विचारलं नाहीत, पण आज सांगते. आमच्या लॅबमध्ये ऐकलं, "तयार कोडची लायब्ररी टाक आणि मोकळी हो." एका सीनियरने बोर्ड जळलाय म्हणून छातीठोक सांगितलं, मी मोटर चालवणाऱ्या चिपचे, एसटीएम ३२ चे, आणखी दोन बोर्ड विकत घेतले, तेही तसेच 'जळके' निघाले! एक क्लासवाले तर तयार प्रोजेक्टच द्यायला निघाले होते, वर रिपोर्ट फुकट. लायब्ररीने मोटर फिरली असती हे आता मला कळतं, माझा राहिलेला बिट, म्हणजे चिपमधला एक छोटा स्विच, ती स्वतःच लावते. पण मग माझं काय चुकलं होतं ते कधीच कळलं नसतं.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती. प्रत्येकाने पहिल्या मिनिटाला लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मी बाजूला उभी, माझ्याच कोडकडे पाहुण्यासारखी बघत.

तुम्ही रिवाइंडिंगची मोटर बाजूला सारलीत, मला स्टूल दिलंत आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलात. मला आधी वाटलं थंडी वाजतेय. ठाण्यात, मे महिन्यात! मग लक्षात आलं, कीबोर्डकडे हात जाऊ नये म्हणून. दीड तास तसेच. चहासुद्धा गार झाला.

सिग्नल स्क्रीनवर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब मीच चिपच्या पीए ८ या पिनवर धरला, मोटरचा सिग्नल तिथूनच निघायला हवा. सपाट रेघ. चिपमधल्या टायमरचा काउंटर पळतोय, ३५९९ पर्यंत मोजून परत शून्यावर येतोय, ७२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला म्हणजे बरोबर २० किलोहर्ट्झ, कानाला ऐकू येण्यापलीकडे, मोटर शिट्टी मारणार नाही. ड्यूटीसाठी, म्हणजे पिन निम्मा वेळ चालू राहावी म्हणून, १८०० लिहिलेले. सगळं जागच्या जागी आणि पिन मेलेली.

तुम्ही एकच विचारलंत. "टायमर तीनवर हेच चालतं म्हणतेस. मग एक नंबरमध्ये जास्तीचं काय आहे?"

जास्तीचं म्हणजे डेड टाइम. मोटरला वीज देणारे दोन इलेक्ट्रॉनिक स्विच, वरचा आणि खालचा मॉस्फेट, एकदम चालू होऊन सप्लाय शॉर्ट होऊ नये म्हणून मध्ये सोडलेली फट. त्याच्यासाठीच तर मी टायमर एक घेतला होता. टायमरच्या सेटिंगची जागा, बीडीटीआर रजिस्टर, तिच्यात ७२ लिहून एक मायक्रोसेकंद मीच रोज भरत होते. तुम्ही म्हणालात, "त्याच रजिस्टरमधलं बाकीचं वाच की." वाचलं. बिट १५, एमओई. सगळ्या आउटपुटचा मेन स्विच. गडबड झाली तर मोटर बंद करता यावी म्हणून दिलेला, आणि रीसेटनंतर बंदच असतो. तीन आठवडे मी त्याच खोलीत दिवा लावायला जात होते, मेन स्विच दाराशीच होता.

मी तो बिट एक केला आणि स्क्रीनवर चौकोनी लाटा उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे तुम्ही हात बाहेर काढलेत आणि बोटं चोळलीत, मुंग्या आल्या होत्या ना?

पैसे विचारले तर "कटिंगचे दे" म्हणालात. तेही घेतले नाहीत. गोड बोलणारी माणसं खूप भेटतात हो काका. आपल्याला येत असून गप्प बसणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

आणि हो, तुमच्या प्रोबची ग्राउंडची क्लिप माझ्या बॅगेत आली आहे. शनिवारी आणून देते. दुकान उघडं ठेवा.

तुमची,
कळव्याची डिप्लोमावाली