दहा आणि चार

ह्यूस्टन, रविवार

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, कुणी आजारी नाही, तुझ्या गाडीचा इन्शुरन्सही भरलाय. मुद्दाम मोठ्या अक्षरात आणि ओळींमध्ये जागा सोडून लिहितोय, कारण जोडाक्षर आलं की तू थबकतेस हे मला ठाऊक आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल. अडलं तर आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर विचार. फक्त मंडळाच्या गणपतीचा भाग तिला वाचून दाखवू नकोस, ती साताऱ्याहून मला पुन्हा तेच ऐकवेल.

परवा तू पुतळ्याचा फोटो पाठवलास. खाली मराठीत लिहिलं होतंस, ‘बाबा मी सेलेनाची पुतळा पाहिली, खूप वारा होती.’ मी लगेच टाइप करायला घेतलं, ‘पुतळा तो. वारा तो.’ आई शेजारी चहा गाळत होती. तिने माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाली, ‘इतक्या वर्षांनी पोरीने मराठीत एक ओळ लिहिली, आणि तू पेपर तपासतोयस?’ मी ते पुसलं आणि नुसता अंगठा पाठवला. पाठवल्यावर मला काही बरं वाटेना. म्हणून हे पत्र.

तुला ती गायिका कॉर्पस क्रिस्टीच्या समुद्रकाठी उभी असलेली ब्राँझची मूर्ती म्हणून भेटली. मला ती ट्रॅफिक जॅम म्हणून भेटली. जानेवारी १९९५ मध्ये मी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन ह्यूस्टनला उतरलो. पुढच्याच महिन्यात, २६ फेब्रुवारीच्या रविवारी, रूममेटच्या गाडीतून सामान आणायला निघालो आणि अ‍ॅस्ट्रोडोम स्टेडियमच्या अलीकडे अडकलो. पुढे, मागे, बाजूला, सगळीकडे पिकअप ट्रक. खिडक्या उघड्या, आत काउबॉय हॅट घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं, आणि प्रत्येक गाडीत तेच गाणं. मला वाटलं, कुणा पुढाऱ्याची सभा असावी. रूममेट म्हणाला, रोडिओ आहे, काउबॉय लोकांच्या खेळांची जत्रा, आज ती सेलेना गाणार आहे. त्या रात्री तिथे ६०,००० हून जास्त लोक होते. जांभळा, अंगाबरोबर बसणारा पोशाख तिने स्वतःच बेतला होता. हे मी नंतर टीव्हीवर पाहिलं. त्या दिवशी दूध न घेताच परतलो आणि तिच्या नावाने चरफडलो.

पाच आठवड्यांनी, ३१ मार्चला, शुक्रवारी दुपारी, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई फोन ठेवून रडायला लागली. तिचे आईवडील मेक्सिकोतून आलेले, जन्म तिचा टेक्सासचा. मला वाटलं, घरातलं कुणी गेलं. घरातलंच होतं म्हण. सेलेनाला कॉर्पस क्रिस्टीतल्या एका मोटेलमध्ये गोळी घातली होती. घालणारी कोण, तर तिच्या फॅन क्लबची अध्यक्ष, तिच्या बुटीकचा कारभार बघणारी बाई. पैशांच्या अफरातफरीचा संशय आला होता, त्याचे कागद आणायला सेलेना गेली होती. १६ एप्रिलला तिला २४ वर्षं पूर्ण झाली असती. यापेक्षा जास्त त्या प्रसंगाबद्दल मला लिहायचं नाही. जो तो तिच्या मरणाबद्दलच बोलतो.

मला लिहायचंय ते तिच्या भाषेबद्दल आणि तिच्या बापाबद्दल.

आपण सर्फसाइडच्या बीचवर जायचो ना, २८८ नंबरच्या रस्त्याने? वाटेत लेक जॅक्सन लागतं, जिथे तू हमखास ‘शू लागली’ म्हणायचीस. ते तिचं गाव. डाऊ केमिकलच्या कामगारांसाठी वसवलेलं. तिचे वडील, अब्राहम किंतानिया, तिथेच नोकरीला होते. तरुणपणी त्यांचाही बँड होता, लॉस दिनोस. गोऱ्यांच्या क्लबात त्यांना हे मेक्सिकन म्हणून नकार, आणि मेक्सिकन लोकांच्या नाचाच्या कार्यक्रमात इंग्रजी गाणी म्हटली म्हणून तिथले लोक चिडलेले. मग त्यांनी तेहानो संगीत धरलं. तेहानो म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांचं गाणं. यात पोलका आहे (आजीचं पोलकं नव्हे, नाचाचा एक ठेका), तो आणि अ‍ॅकॉर्डियन इथे वसायला आलेल्या जर्मन आणि चेक लोकांकडून आले. त्यात मेक्सिकोची रांचेरा गाणी, वर कोलंबियाचा कुंबिया ठेका. मिसळच. बँड चालला नाही, संसार वाढला, अब्राहम नोकरीला लागले. पण ते मनातून गेलं नव्हतं.

पोरगी पाच-सहा वर्षांची असताना गाऊ लागली आणि बापाला आपलं राहून गेलेलं सगळं तिच्यात दिसलं. भाऊ एबीच्या हातात बास गिटार दिली, बहीण सुझेटला ड्रमवर बसवलं. मुलीने ड्रम वाजवायचे याची सुझेटला लाज वाटायची, पण विचारतो कोण? नोकरी सोडून त्यांनी मेक्सिकन जेवणाचं हॉटेल काढलं, पापा गायोज, तिथे मुलं गायची. १९८० च्या सुमाराला तेलाचा धंदा बसला आणि हॉटेलही बसलं. दिवाळं निघालं, घर गेलं. सगळे कॉर्पस क्रिस्टीला नातेवाइकांकडे आले. त्यानंतर लग्नं, जत्रा, पंधराव्या वाढदिवसाचे समारंभ, मिळेल तिथे गायचं आणि त्यावर घर चालवायचं. जुन्या बसला त्यांनी नाव ठेवलं होतं बिग बर्था. आठवीत बापाने तिची शाळा सोडवली. एका शिक्षिकेने खूप विरोध केला, उपयोग झाला नाही. पुढचं शिक्षण तिने टपालाने पूर्ण केलं.

आणि आता ऐक. तिला स्पॅनिश येत नव्हतं.

घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, खेळताना इंग्रजी. ऐकायची तेसुद्धा इंग्रजी गाणी, डॉना समर वगैरे. पण तेहानोच्या बाजारात इंग्रजी चालत नव्हतं. म्हणून बापाने तिला स्पॅनिश शब्द नुसत्या उच्चाराने पाठ करून घेतले. इथे ओठ असे, इथे जीभ अशी, अर्थ हा. मंडळाच्या गणपतीत तू अभंग म्हटलास तो मी तुला कसा शिकवला होता, आठवतं? रोमन अक्षरांत लिहून, फ्रिजवर चिकटवून. ‘ळ’ साठी मी लाल पेनने गोल केले होते.

तो अभंग तू फार छान म्हटलास. नऊ वर्षांची होतीस. टाळ्या पडल्या. मग निवेदकाने माइक पुढे केला आणि विचारलं, ‘आजी भारतातून आली आहे ना? किती वर्षांची आहे तुझी आजी?’ तू क्षणभर छताकडे पाहिलंस आणि म्हणालीस, ‘सत्तर आणि तीन.’ हॉल हसला. वाईट हेतूने नाही, लहान मुलाला हसतात तसा. पण मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. वर ओरडलो, ‘त्र्याहत्तर!’ जणू मलाच पास व्हायचं होतं. आजी पहिल्या रांगेत होती. ती घरी येताना गाडीत म्हणाली, ‘सत्तर आणि तीन. हिशेब तर बरोबर आहे की रे.’ तू मागच्या सीटवर खिडकीतून बाहेर बघत होतीस. त्या दिवसानंतर मी मराठीत विचारायचो आणि तू इंग्रजीत उत्तर द्यायचीस. मी आईजवळ कुरकुर करायचो की इथली मुलं अशीच. इथल्या मुलांचा काय संबंध? तुला गप्प मी केलं होतं.

हे मला उशिरा कळलं, आणि तेही सेलेनामुळे. एका टीव्ही मुलाखतीत स्पॅनिश बोलताना तिला चौदा म्हणायचं होतं. स्पॅनिशमध्ये चौदाला स्वतंत्र शब्द आहे, कातोर्से. सोळापासून पुढे मात्र ते लोक दहा-आणि-सहा, दहा-आणि-सात असंच म्हणतात. तिने आपलं गणित चालवलं आणि म्हणाली, ‘दिएस इ क्वात्रो.’ दहा आणि चार. समोर कॅमेरा, लाखो लोक घरी बघतायत. आणि तिने काय केलं असेल? हसली आणि पुढे बोलत राहिली. ती क्लिप मी ऑफिसात कॉफी पिताना पाहिली आणि तसाच पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून राहिलो. आज टेक्सासमधली तिच्यासारखी पोरं ‘दहा आणि चार’ प्रेमाने म्हणतात. आपल्यातलीच ती, अशी खूण आहे ती त्यांची.

मेक्सिकोतले पत्रकार तर टेक्सासच्या गायकांना भाषेवरून सोलूनच काढायचे. १९९२ मध्ये मोंतेर्रेला तिची पत्रकार परिषद ठेवली, तेव्हा तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या लोकांच्या पोटात गोळा आला होता. ही आत गेली आणि एकेकाला मिठी मारत सुटली. मग मोडकंतोडकं जे येतं ते बोलली. दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रांनी तिला सामान्य माणसांची कलाकार म्हटलं. त्याच वर्षी ‘कोमो ला फ्लोर’ हे गाणं आलं. कार्यक्रमाच्या जागी एक कुटुंब दिवे लागणारी प्लॅस्टिकची फुलं विकत होतं, त्यावरून एबीला ते सुचलं होतं. १९९४ ला ग्रॅमी मिळालं. आणि ‘बिदी बिदी बोम बोम’? ते मुळात एका आनंदी माशाबद्दल होतं, सराव करताना गंमत म्हणून काहीतरी गुणगुणता गुणगुणता झालेलं! पुढे माशाचं काळीज झालं, प्रेमात धडधडणारं. तू समुद्रजीवशास्त्र शिकतेस म्हणून हे खास तुझ्यासाठी. या शब्दांना ना स्पॅनिश लागतं ना इंग्रजी.

तिच्या बापाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी माझ्यावरचं त्याच्यावर ढकलतोय असं होईल. तो नसता तर ती नसती, हे खरं. त्याने तिला धरून ठेवलं, हेही तितकंच खरं. बँडमधला गिटारवादक क्रिस पेरेझ तिला आवडायचा. बापाने त्याला हाकलून दिलं. दोघांनी २ एप्रिल १९९२ ला गुपचूप लग्न केलं, तेव्हा ती अजून २१ चीही नव्हती. बापाने नंतर पडतं घेतलं, जावयाला परत बँडमध्ये घेतलं. (हे उदाहरण म्हणून सांगतोय असं समजू नकोस. मला आधी कळलंच पाहिजे.)

मला अजून एक गोष्ट टोचते. १९८९ मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपनीने तिच्याशी करार केला, तेव्हापासून तिला इंग्रजी अल्बम हवा होता. थांब, आधी स्पॅनिशमध्ये जम बसव, असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी काम सुरू झालं, मोजकीच गाणी रेकॉर्ड झाली, आणि ती गेली. ‘ड्रीमिंग ऑफ यू’ जुलै १९९५ मध्ये आला आणि आल्या आल्याच बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या अल्बमच्या, यादीत पहिल्या नंबरवर गेला. म्हणजे बघ, जी भाषा ती घरात बोलायची, ज्या भाषेत तिला स्वप्नं पडत असतील, त्या भाषेत जगाने तिला नीट ऐकलं ते ती गेल्यावर. तुझी मातृभाषा कोणती, हा प्रश्न मी तुला कधी विचारलाच नाही. मी उत्तर धरूनच चाललो होतो. आईची मराठी, बापाची मराठी, म्हणजे तुझी मराठी. तू चिडतेस इंग्रजीत, हिशेब करतेस इंग्रजीत, झोपेत बडबडायचीस तेही इंग्रजीत. तरी परवा त्या वाऱ्यात उभी राहून मराठी कीबोर्ड शोधलास.

सॉरी, सई. याला मराठीत ‘माफ कर’ म्हणतात, पण आपल्या घरात तसं कुणी कधी म्हटलेलं नाही, त्यामुळे ते नाटकातल्यासारखं वाटेल.

शनिवारी आम्ही दोघं येतोय. सकाळी सहाला निघालो तर साडेनऊपर्यंत पोचू. चकल्या आणतोय, आणि तुझी ती निळी चादर. आजी परवा चौऱ्याऐंशीची होतेय, तिला फोन कर, आकडा हवा तसा सांग. आधी हॉस्टेलवर न येता थेट तिथेच भेटू, पुतळ्यापाशी. खूप वारा होती म्हणालीस, म्हणून आई शाल घेऊन येतेय.

तुझा,
बाबा