कोलॅब घेण्याआधी खोक्यातलं माहितीपत्रक वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समाजमाध्यमांवर व्हिडिओ करून कमाई कशी करावी, यावरचा लेख वाचला. ब्रँडला मेल कसा लिहावा, मीडिया किटमध्ये, म्हणजे ब्रँडला पाठवायच्या आपल्या ओळखपत्रकात, काय असावं, दर कसे ठरवावेत, सगळं नीट मांडलं होतं. आलेली कोलॅब, म्हणजे ब्रँडकडून पैसे घेऊन करायचं जाहिरातीचं काम, नाकारायची कधी, याबद्दल मात्र त्यात एक ओळही नव्हती. माझ्या मते खरा कस तिथेच लागतो, म्हणून हे पत्र.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट बघते आणि जोडीने कंबर, मान, गुडघ्याच्या व्यायामांचे छोटे व्हिडिओ टाकते. बघणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, नाहीतर आईवडिलांसाठी शोधाशोध करणारी त्यांची मुलं. फॉलोअर्स फार नाहीत, पण जे आहेत ते ऐकतात. भिंतीला पाठ लावून उभं राहा म्हटलं, तर खरंच उभे राहतात आणि खाली लिहितात, ‘मॅडम, डोकं भिंतीला टेकत नाही, काय करू?’ असा विश्वास बसला की ब्रँड शोधत येतात. पाठ सरळ ठेवणारे पट्टे, मसाज गन, गुडघ्याचे बेल्ट, जेल, पावडरी... चौकशी सतत चालू असते.

त्यातलं एक उदाहरण सविस्तर सांगते. दुखऱ्या जागी चिकटवायच्या विजेच्या पॅडची जाहिरात एका एजन्सीमार्फत आली. या पॅडमधून त्वचेवाटे सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. वेदना कमी करायला आम्हीही क्लिनिकमध्ये ‘टेन्स’ नावाचं अशाच तत्त्वावरचं यंत्र वापरतो, त्यामुळे वस्तू मुळात टाकाऊ नव्हती. ब्रीफमध्ये, म्हणजे व्हिडिओ कसा करायचा याच्या लेखी सूचनांमध्ये, सगळं ठरलेलं होतं: पहिल्या तीन सेकंदांत कंबर धरून कळवळायचं, मग पॅड लावायचं, मग हसत उठायचं. शिवाय ‘घरातलं कुणीही, कोणत्याही वयात वापरू शकतं’ हे वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. मी खोकं उघडून आतलं माहितीपत्रक वाचलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत खुद्द कंपनीनेच छापलं होतं, की पेसमेकर बसवलेल्यांनी हे वापरू नये, गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, गळ्याच्या पुढच्या बाजूला लावू नये. म्हणजे कंपनीला ठाऊक होतं, कायद्याला दाखवण्यापुरतं छापलंही होतं, आणि माझ्या तोंडून मात्र ‘कुणीही’ वदवून घ्यायचं होतं.

मी एवढंच म्हटलं, की पेसमेकरचं वाक्य मी कॅमेऱ्यासमोर बोलेन. उत्तर आलं, ‘टोन निगेटिव्ह होतो, लोक व्हिडिओ अर्ध्यात सोडतात. कॅप्शनच्या शेवटी टाकू.’ माझे बघणारे साठी-सत्तरीचे. त्यांच्यात पेसमेकर असलेले लोक असणारच, आणि ते कॅप्शन उघडून शेवटपर्यंत वाचत बसत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघतात. मी काम नाकारलं. पुढे तशाच वस्तूसाठी दुसरी कंपनी आली. तिने इशारा व्हिडिओच्या सुरुवातीलाच ठेवायला हरकत घेतली नाही, म्हणून ते काम केलं. त्याखाली एका मुलीने लिहिलं, ‘ताई, बाबांना पेसमेकर आहे, मागवणारच होते, थांबले. त्यांच्यासाठी दुसरं काय करता येईल?’ मी तिला उष्ण शेक आणि दोन सोपे व्यायाम सांगितले, आणि आधी बाबांच्या डॉक्टरांना विचार म्हणून बजावलं.

तेव्हापासून कुठल्याही ब्रँडला माझा पहिला प्रश्न पैशाचा नसतो. ‘तुमच्या वस्तूत मला जे कमी वाटलं, ते मी बोलू शकते का?’ असं विचारते. या एका प्रश्नावर निम्मे ब्रँड आपोआप गळतात, आणि गळतात ते बरंच होतं. ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो म्हणतो, बोला, फक्त खोटं बोलू नका. एका मसाज गनवाल्या कंपनीने तर मी सांगितलेली यादी स्वतःच्या पानावर लावली: रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असतील, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा संशय असेल, तर हे लावू नका. त्या ब्रँडसोबत पुन्हा काम करायला मला आनंदच वाटेल.

दुसरी गोष्ट करारनाम्याची. नवी मुलं करार वाचत नाहीत, रक्कम आणि तारीख बघून सही करतात. मला यातली तीन कलमं धोक्याची वाटतात. एक म्हणजे एक्सक्लुझिव्हिटी. सहा महिने त्याच प्रकारच्या दुसऱ्या वस्तूबद्दल बोलायचं नाही, असं साधं दिसतं. पण पट्ट्याच्या एका करारात ‘पाठीसाठीचे इतर कोणतेही उपाय’ असे शब्द होते. म्हणजे टॉवेलची गुंडाळी कमरेमागे ठेवा, हेही मला सांगता आलं नसतं! दुसरं कलम वापराच्या हक्काचं. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं असतं, आणि तुमचा चेहरा तुम्हाला न विचारता पुढची कितीही वर्षं त्यांच्या पेड जाहिरातींत फिरत राहतो. हल्ली त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाज आणि चेहरा तयार करण्याची परवानगीही घुसवलेली असते. मी न बोललेलं वाक्य माझ्या आवाजात कुणा आजींनी ऐकावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणि तिसरं, नुकसानभरपाईचं. दावा कंपनीने लिहून द्यायचा, तो खोटा निघाला तर जबाबदारी बोलणाऱ्याची. ही तिन्ही बदलून मागता येतात. मुदत घाला, माध्यमांची नावं घाला, दाव्यांची जबाबदारी कंपनीवर ठेवा. मी मागते तेव्हा बरेचदा मिळतं, कारण पहिला मसुदा कुणी वाचणार नाही या हिशेबानेच पाठवलेला असतो. पेमेंट किती दिवसांनी, तेही त्याच वेळी लिहून घ्यावं.

कायद्याबद्दल अनेकांचा समज असा, की कोपऱ्यात जाहिरातीचा हॅशटॅग टाकला की सुटलो. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दंड आहे, पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी येऊ शकते. दाव्यांची पडताळणी केली होती हे दाखवता आलं तरच सुटका. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने खुलासा कसा करावा हेही स्पष्ट केलं: व्हिडिओत तो दिसायला हवा आणि ऐकूही यायला हवा, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचा नाही. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल हेसुद्धा सांगायचं. ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची भूमिकाही हीच आहे. फ्रान्सने तर जून २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि सौंदर्यशस्त्रक्रियेची जाहिरात इन्फ्लुएन्सरना सरसकट बंद केली. माझं तर म्हणणं, की आपण मराठीत बोलत असू तर ‘ही जाहिरात आहे, मला याचे पैसे मिळालेत’ हे पहिल्या वाक्यात, मराठीतच सांगावं. माझे व्हिडिओ त्याने कमी चालतात का? थोडे चालत असतील. पण ज्यांना ते वाक्य ऐकून निघून जायचंय, त्यांना तो हक्क आहेच.

आणि खुलासा पुरेसा असतो असंही नाही. अमेरिकेतल्या टीव्ही तारका किम कार्दाशियन यांनी २०२१ मध्ये इथेरियममॅक्स या क्रिप्टो टोकनची पोस्ट टाकली, तिच्यावर जाहिरातीचा हॅशटॅग होता. पण त्यासाठी अडीच लाख डॉलर घेतले, हे सांगणं तिथल्या कायद्याने आवश्यक असूनही सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाशी झालेल्या तडजोडीत त्यांनी साडेबारा लाख डॉलरहून जास्त रक्कम भरायचं मान्य केलं. त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्ये, फायर फेस्टिव्हल या २०१७ च्या संगीतमहोत्सवासाठी नामवंत मॉडेल्सनी केशरी चौकोनाची पोस्ट टाकली. लोकांनी तिकिटं काढली आणि बहामाच्या बेटावर पोचल्यावर त्यांना आलिशान निवासाऐवजी तंबू मिळाले. पोस्ट टाकणाऱ्यांपैकी कुणी आधी जाऊन जागा बघितली असती, निदान तिथे काय तयार आहे याचे फोटो मागितले असते, तर? वस्तू हातात घेऊन वापरणं, जागेवर जाणं, माहितीपत्रक वाचणं या अगदी साध्या गोष्टी आहेत. ब्रीफची मुदत दोन दिवसांची असली की त्याच आधी सुटतात. म्हणून वापरून बघायला वेळ देत नाही त्या ब्रँडला मी नाहीच म्हणते. पाठीच्या पट्ट्याबद्दल मत बनवायला मला दोन दिवस कसे पुरतील? पट्टा खांदे मागे ओढून धरतो खरा, पण काम पाठीच्या स्नायूंनीच करायचं असतं. तो काढल्यावर काय उरतं, हे वापरत राहिल्याशिवाय कळत नाही.

कमिशनवर चालणाऱ्या अॅफिलिएट लिंकबद्दल माझं मत कडक आहे. ठरलेली रक्कम घेतली तर विक्री झाली काय, न झाली काय, मला फरक पडत नाही. प्रत्येक विक्रीमागे टक्केवारी असेल, तर ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ हे वाक्य माझ्याच खिशाला कात्री लावतं. पुस्तकं, कॅमेरे यांच्याबाबतीत हे चालत असेल. आरोग्याबाबतीत मी कूपन कोड घेत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मला खोडून काढायचा नाही, कारण त्यात तथ्य आहे: ‘तुमचं क्लिनिक आहे, तुम्हाला नाही म्हणणं परवडतं. आमचं घर यावरच चालतं.’ भाडं थकलेलं असताना समोर रक्कम आली, तर विचार कसा होणार? म्हणूनच निर्णय त्या क्षणावर सोडू नये. हातात कुठलीही ऑफर नसताना, शांतपणे, न करायच्या कामांची यादी कागदावर लिहून ठेवावी. माझ्या यादीत सट्ट्याची ॲप, खात्रीशीर परताव्याच्या योजना, वजन उतरवणारी चूर्णं, त्वचा उजळवणारी क्रीम आहेत. गुंतवणुकीची चांगली ॲपसुद्धा आहेत, कारण लोक माझ्याकडे गुडघ्यासाठी येतात आणि पैशाबाबत माझ्या शब्दाला काही वजन असण्याचं कारण नाही. ही यादी मी एजन्सींना आधीच पाठवते. त्यामुळे दर वेळी नकार देण्याचा ताण येत नाही आणि उलट कुठल्या कामासाठी विचारायचं हे त्यांनाही कळतं. ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी तर एकाच ब्रँडची लांबलचक, वर्षभराची जोडी धरावी. एकदाच नीट तपासणी होते, उत्पन्न ठरलेलं राहतं, आणि दर आठवड्याला नवी वस्तू ‘माझी आवडती’ म्हणून दाखवावी लागत नाही. लोकांना ते कळतं हो. गेल्या महिन्यातलं आवडतं जेल या महिन्यात कुठे गेलं, असं कमेंटमध्ये सरळ विचारतात.

जुन्या व्हिडिओंचाही हिशेब ठेवायला हवा. वस्तूतले घटक बदलतात, कंपनी विकली जाते, एखादी तक्रार खरी निघते, आणि आपला व्हिडिओ तसाच फिरत राहतो. करारात ‘गरज पडल्यास मी व्हिडिओ काढू शकेन’ असं एक वाक्य मी आता घालायला लावते. बघणाऱ्यांपैकी तिघाचौघांनी एकाच प्रकारचा त्रास कळवला, तर लिंक त्याच दिवशी उतरवते आणि चौकशी नंतर करते.

आपल्या पुरवणीचे वाचक तरुण आहेत आणि त्यांतले बरेच या कामात उतरताहेत. कमाईच्या लेखमालेचा पुढचा भाग करारनाम्यावर करावा, आणि तो एखाद्या वकिलाकडून लिहून घ्यावा, अशी कळकळीची विनंती. नमुन्यादाखल नावं खोडलेले दोन-तीन करार द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक
(कृपया नाव छापू नये.)