पंपाला श्रेय किती द्यायचं?

मा. संपादक,
स. न.

आपल्या विज्ञान पुरवणीतला केळी आणि हृदयावरचा लेख वाचला. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीबद्दल कुणी चार शब्द बरे लिहिले की आनंद होतोच. पण पेशीच्या आतला ऋण विद्युतभार सोडियम-पोटॅशियम पंप (पेशीच्या पटलात बसलेलं, सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारं प्रथिन) तयार करतो, हे त्यातलं विधान खटकलं. लेखकाला नावं ठेवत नाही. मीही कित्येक वर्षं फळ्यावर मधोमध हा एवढा मोठा पंप काढून हेच शिकवलं.

चूक पकडली अकरावीतल्या एका मुलाने. भारनियमनाचे दिवस. त्याने विचारलं, "सर, लाईट गई, पंप बंद पडना, ते पेशीनं काय व्हई?" विभव, म्हणजे पेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाबाचा फरक, लगेच शून्यावर येईल, असं सांगून मी मोकळा झालो. घरी येऊन पुस्तकं काढली तर निराळंच. 1950च्या दशकात स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूतला (संदेश वाहणाऱ्या धाग्यातला) पंप रसायनाने बंद पाडून पाहिला होता. विभव जेमतेम हललं, आणि तंतू पुढे बराच वेळ संदेश वाहत राहिला.

पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. त्या एका जादा भाराचा थेट वाटा काही मिलिव्होल्टचाच. त्याचं खरं काम साठा राखण्याचं: पोटॅशियम आत लिटरला सुमारे 140 मिलिमोल, बाहेर 4, सोडियमचं उलट, बाहेर जास्त आणि आत कमी. पण विहिरीला पाणी आहे एवढ्यावरून कोणता वाफा भिजेल ते कळत नाही, बांध कुठे फोडलाय ते बघावं लागतं.

विश्रांतीतल्या पेशीत हा बांध, म्हणजे पेशीचं पटल, पोटॅशियमसाठी फोडलेला असतो. पोटॅशियम बाहेर झिरपतं, मागे ऋणभार उरतो, आणि तोच त्याला परत आत ओढू लागतो. साधारण उणे 95 मिलिव्होल्टला दोन्ही ओढी सारख्या होतात. यासाठी बाहेर जावे लागणारे आयन (विद्युतभारित कण) किती, तर पन्नास हजारांत एखादा! सोडियमलाही बारीक फट असते. हॉजकिन आणि कॅट्झ या शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये स्क्विडच्या तंतूसाठी पोटॅशियमची पारगम्यता (पटलातून पार जाण्याची सुलभता) 1 धरून सोडियमची 0.04 काढली. त्या फटीतून सोडियम आत येतं, म्हणून चेतापेशी उणे 70च्या आसपास थांबते. संदेश जाताना सोडियमची दारं क्षणभर सताड उघडतात आणि विभव धनाकडे उसळतं. त्या क्षणी साठे जवळपास जसेच्या तसे असतात, बदलते ती फक्त पारगम्यता. मला तरी याहून मोठा पुरावा नको.

आता केळीकडे, म्हणजे त्यातल्या पोटॅशियमकडे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम 4 वरून 8 वर गेलं, तर तो उणे 95चा समतोल उणे 77वर येतो. हृदयस्नायूची पेशी विश्रांतीत मुख्यतः पोटॅशियमच्याच दारावर अवलंबून असल्याने तिचंही विभव त्यामागे सरकतं आणि ठोके बिघडतात. अशा रुग्णाला डॉक्टर केळी वर्ज्य करतात ते यासाठी. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं जादा पोटॅशियम बाहेर टाकतात, त्याने खुशाल खावीत.

पंप बिनकामाचा, असं मात्र कुणी समजू नये. बांधावरच्या कण्हेरीतलं विष याच पंपाला अडवतं आणि जीव घेतं. पंप थांबलेलाच राहिला तर साठे हळूहळू ओसरतात, मग विभवही ओसरतं. त्या मुलाला हे उत्तर मी आठवड्याने दिलं.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर एक विनंती. चित्रात पंप कोपऱ्यात घ्या आणि मध्यभागी पोटॅशियमचं उघडं दार काढा.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, अमळनेर